अ‍ॅडाच्या सक्तीतून सूट : वेव्हरच्या अर्जात नेमके काय चालत असे?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. परदेशातील एका सरकारी ग्राहकाच्या नव्या करारात अशी अट आली आहे की, यापुढे दिला जाणारा प्रत्येक घटक मेमरी-सेफ भाषेतच, म्हणजे मेमरी हाताळण्यातल्या चुका मुळातच रोखणाऱ्या भाषेतच, लिहिलेला असावा आणि ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी कारणांसह लेखी सूट मागावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सायबर संचालक कार्यालयाने अशा भाषांचा पुरस्कार करणारा अहवाल काढला, तेव्हा ती निव्वळ शिफारस होती; पण शिफारशीला करारात उतरायला फार दिवस लागत नाहीत, हे आता कळते आहे. आमचा एक घटक अकरा वर्षांपासून सी भाषेत आहे, जी मेमरी-सेफ नाही, त्याच्या खालचा हार्डवेअरवाल्यांचा कोडही सी भाषेतच आहे, आणि त्या घटकापुरती सूट मागण्याचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे.

आमच्याकडील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले की, ही सगळी वाट अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अ‍ॅडा या आपल्या प्रोग्रामिंग भाषेच्या निमित्ताने एकदा तुडवलेली आहे, तेव्हा तिथले वेव्हर, म्हणजे लेखी सूट, कसे मागत आणि कसे मिळत ते आधी पाहावे. त्यानुसार वाचले. जून १९८३ मध्ये उपसचिव रिचर्ड डिलॉवर यांनी परिपत्रक काढून १९८४ पासून विकासाच्या पुढच्या टप्प्यांत शिरणाऱ्या युद्धोपयोगी प्रणालींना अ‍ॅडा बंधनकारक केली. १९८७ मध्ये ३४०५.१ (सर्वसाधारण) आणि ३४०५.२ (शस्त्रप्रणालींसाठी) हे खात्याचे दोन निर्देश आले; आणि १९९० च्या विनियोजन कायद्यात संसदेनेच कलम घातले की, १ जून १९९१ नंतर, जिथे खर्चाच्या दृष्टीने परवडेल तिथे, खात्याचे सर्व सॉफ्टवेअर अ‍ॅडात लिहिले जावे, संरक्षण सचिवांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने खास सूट दिली असेल तेवढे सोडून.

इथपर्यंत समजले. समजले नाही ते असे की, ही सूट मागायची कोणाकडे, अर्जात कोणता मुद्दा चाले आणि कोणता हटकून फेटाळला जाई, आणि एकूण ही दारे उघडी होती की बंद. काही ठिकाणी वाचले की वेव्हर मागेल त्याला मिळे, म्हणून सक्ती पोकळ होती. काही ठिकाणी नेमके उलट वाचले की वेव्हर मिळतच नसे, म्हणून लोक वैतागले. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांनी लिहावे, ही विनंती.

जुना_कंपायलर

अर्धविराम, मी १९८७ ते १९९५ या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका उपकंत्राटदाराकडे नोकरीला होतो आणि वेव्हरच्या दोन अर्जांचे कागद माझ्या हाताखालून गेले. एक परत आला, दुसरा मंजूर झाला, आणि दोन्ही अर्ज एकाच कामासाठी होते, त्यामुळे फरक कशाने पडला हे मला बऱ्यापैकी सांगता येईल.

मात्र आधी ही सक्ती का आली हे ध्यानात घ्यावे लागेल, कारण तुमचा अर्ज वाचणाऱ्याच्या डोक्यात तेच असते. १९७० च्या दशकात खात्याच्या प्रकल्पांत साडेचारशेहून अधिक भाषा आणि पोटभाषा वापरात होत्या, असा अंदाज दिला जाई. प्रत्येक शस्त्रप्रणालीची आपली भाषा, आपला कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), आणि तो कंपायलर जाणणारी मोजकी माणसे; कंत्राटदाराने काम सोडले की विमान वा जहाज पुढे पंचवीस वर्षे चालवायचे असे आणि त्यातला कोड वाचणारा मिळत नसे. म्हणून १९७५ मध्ये कार्यगट नेमला गेला, आणि भाषेकडून अपेक्षा काय याचे मसुदे एकामागून एक निघाले. त्यांची नावे स्ट्रॉमनपासून सुरू होऊन १९७८ मध्ये स्टीलमनपर्यंत पोचली, म्हणजे गवताच्या माणसाचा पोलादी माणूस झाला. चार संघांना रंगांची नावे देऊन स्पर्धा लावली. ज्याँ इश्बिया यांच्या नेतृत्वाखालील हिरवा संघ १९७९ मध्ये निवडला गेला. पहिली प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा (म्हणजेच अ‍ॅडा) लव्हलेसचे नाव भाषेला दिले आणि तिचे जन्मवर्ष १८१५ हेच लष्करी मानकाला क्रमांक म्हणून लावले. एवढी हौस सरकारी खात्याने केली, याचे मला अजून नवल वाटते.

आता मूळ प्रश्न. सूट देण्याचा अधिकार १९८७ च्या निर्देशाने भूदल, नौदल, वायुदल अशा खात्याच्या घटकांकडे सोपवला होता. सूट मिळे ती ठराविक प्रणालीपुरती किंवा तिच्या ठराविक उपप्रणालीपुरती. कंपनीला, गटाला किंवा 'यापुढच्या सर्व कामांना' ती मिळत नसे. अर्जासोबत संपूर्ण आयुष्यकाळाच्या खर्चाचे विश्लेषण आणि जोखमीचे विश्लेषण जोडावे लागे, आणि जोखमीत कामगिरी व वेळापत्रक या दोन्हींवर काय परिणाम होईल ते मांडावे लागे.

आमचे काम नियंत्रण-टेबलावरच्या पडद्यांचे होते. त्यासाठी एक्स विंडो ही पडद्यावर खिडक्या-बटणे दाखवणारी प्रणाली वापरायचे ठरले होते, आणि एक्स विंडोची सगळी रचना कॉलबॅकवर उभी: बटण दाबले की अमुक फंक्शन बोलाव, असे त्या फंक्शनचा पत्ता देऊन आधीच सांगून ठेवायचे. १९८३ च्या अ‍ॅडात उपप्रोग्रामचा पॉइंटर हा प्रकारच नव्हता. टास्क, जेनेरिक, अपवाद-हाताळणी हे सगळे होते. पण फंक्शनचा पत्ता दुसऱ्याच्या हातात द्यायची अधिकृत सोय नव्हती. ती १९९५ च्या आवृत्तीत आली. आमच्याकडे आडवाटेने पत्ते काढणारे एक बाइंडिंग, म्हणजे दुसऱ्या भाषेतला कोड अ‍ॅडातून वापरू देणारा दुवा, कोणीतरी लिहिले होते, ते एका कंपायलरवर चाले आणि त्याच कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीवर आडवे होई.

पहिला अर्ज एकोणीस पानांचा होता आणि त्यातली चौदा पाने सी भाषेच्या थोरवीची होती. मागणी संपूर्ण प्रणालीसाठी केली होती, कारण आमच्या व्यवस्थापकांना वाटले की मागतोच आहोत तर सगळेच मागावे. कागद सात आठवड्यांनी परत आले. चौदा पानांवर पेन्सिलीचा ठिपकाही नव्हता. खर्चाच्या तक्त्यात मात्र आम्ही रकाने प्रणाली सुपूर्द करण्याच्या तारखेपर्यंतच आखले होते, आणि शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे, मोकळ्या समासात, लाल पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते: आणि त्याच्या पुढे?

दुसऱ्या अर्जात आम्ही मागणी पडद्याच्या स्तरापुरती आवळली. बाकीचे सगळे अ‍ॅडात राहील आणि दोहोंमधला सांधा प्रॅग्मा इंटरफेसने (दुसऱ्या भाषेतला कोड बोलावण्याच्या अ‍ॅडातल्या सूचनेने) जोडला जाईल, हे आकृती काढून दाखवले. तक्ता पंधरा वर्षांचा केला. त्यात बाइंडिंग लिहिण्याचा खर्च एकदा आणि ते प्रत्येक कंपायलर-आवृत्तीसोबत दुरुस्त करण्याचा खर्च दर खेपेला धरला, कारण सरकारमान्य कंपायलरच्या प्रमाणपत्राला मुदत असे आणि नव्या चाचणी-संचावर ते पुन्हा मिळवावे लागे. ज्या दोन ओळींत अ‍ॅडा स्वस्त पडत होती त्या आमच्या व्यवस्थापकांना गाळायच्या होत्या. आम्ही भांडून त्या ठेवल्या. माझी आजही खात्री आहे की मंजुरी त्या दोन ओळींमुळे मिळाली, कारण त्यामुळे उरलेल्या तक्त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसला.

तिरकस_कंस

जुना_कंपायलर यांचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यावरून असे चित्र उभे राहते की, ज्याला अ‍ॅडा नको असे तो निमूटपणे अर्ज लिही आणि न्यायनिवाड्याची वाट पाही. प्रत्यक्षात वेव्हर हे सर्वांत सरळ आणि म्हणूनच सर्वांत कमी वापरले गेलेले दार असावे, असे माझे मत आहे. इतर दारे नियमांतच होती आणि त्यांतून जाताना कोणाची सही लागत नसे.

पहिले दार तयार मालाचे. बाजारात मिळणारे सॉफ्टवेअर न बदलता विकत घेतले तर ते कोणत्या भाषेत लिहिले आहे हे विचारले जात नसे. उलट, १९८७ चा निर्देश तयार मालाला प्राधान्यच देत होता. दुसरे दार जुन्या प्रणालींचे. आधीपासून जोव्हियल, सीएमएस-२ किंवा फोर्ट्रान अशा जुन्या भाषांमध्ये चालू असलेल्या कामाला तीच भाषा पुढे नेता येई, जोवर सुधारणा एक-तृतीयांश कोडाच्या पलीकडे जात नाही तोवर. आता एक-तृतीयांश कशाचे, ओळींचे की मॉड्यूलांचे, आणि एका वर्षातले की तीन वर्षांत विभागलेले, यावर कल्पक माणसाला काय काय करता येते ते मी सांगायला नको. आपल्याकडे निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणाऱ्यांना हे चटकन उमगेल. आणि १९९० च्या कायद्यातले 'जिथे परवडेल तिथे' हे शब्द तर इतके ऐसपैस आहेत की त्यांतून रणगाडा जाईल.

त्यामुळे अर्धविराम यांना पडलेले कोडे मला कोडे वाटत नाही. वेव्हर मिळणे अवघड होते हे खरे, आणि अ‍ॅडा टाळणे सोपे होते हेही खरे. १९९० च्या दशकाच्या मध्यास वापरातल्या भाषांची संख्या सुमारे ३७ वर आली, याचे श्रेय सक्तीला दिले जाते. पण त्याच वर्षांत साऱ्या जगातच लोक दोन-चार मोठ्या भाषांकडे सरकत होते आणि जुन्या पोटभाषा आपोआप मरत होत्या. ती संख्या सक्ती नसती तरी बरीच खाली आली असती.

जुना_कंपायलर

तुकडे पाडण्याबद्दल हरकत नाही, तसे होत असे. मात्र शस्त्रप्रणालींसाठीचा ३४०५.२ हा निर्देश अधिक कडक होता आणि तिथे तयार मालाचे दार फारसे उपयोगी नव्हते, कारण उड्डाण-नियंत्रण किंवा क्षेपणास्त्र-मार्गदर्शन दुकानात मिळत नाही. एफ-२२ विमानाचे सॉफ्टवेअर बहुतांशी अ‍ॅडात झाले ते उगाच नाही. आणि बोइंग ७७७ च्या प्रणालींत अ‍ॅडा मोठ्या प्रमाणावर आली तेव्हा तिथे कोणत्याही सरकारची सक्ती नव्हती, हेही तराजूत घालावे.

अर्धविराम

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. आमच्या अर्जाच्या कच्च्या मसुद्यात पहिलेच कारण असे आहे की, अटीतल्या भाषा जाणणारी माणसे आमच्याकडे पुरेशी नाहीत आणि प्रशिक्षणाला वेळ नाही. हे कारण त्या काळी चाले का?

जुना_कंपायलर

एकट्याने कधीच नाही. सक्ती मुळात बाजारात ती माणसे तयार व्हावीत म्हणूनच होती. त्यामुळे 'माणसे नाहीत' हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने सक्तीच्या बाजूचे कारण ठरे, विरुद्ध बाजूचे नव्हे. चाले ते असे: नेमलेल्या प्रोसेसरसाठी मान्यताप्राप्त कंपायलर नाही; आहे पण त्याने काढलेला कोड वेळेच्या मर्यादेत बसत नाही आणि ही पाहा मोजमापे; ज्या ग्रंथालयावर (तयार कोडच्या संग्रहावर) काम अवलंबून आहे त्याला बाइंडिंग नाही आणि ते लिहिण्या-सांभाळण्याचा खर्च हा इतका. यांतले प्रत्येक कारण त्या उपप्रणालीचे असते, तुमच्या कंपनीचे नसते. माणसांची अडचण वेळापत्रकाच्या जोखमीत एका ओळीत लिहा, डोक्यावर मिरवू नका.

धावपट्टी०९

मी बेंगळुरूला विमान-इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचणीत उमेदीची वर्षे घालवली आणि आता मिरजेला निवांत असतो. आपल्या तेजसच्या उड्डाण-नियंत्रण संगणकाचे सॉफ्टवेअर अ‍ॅडाच्या एका उपसंचात लिहिले गेले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचे लघुरूपही एडीए, त्यामुळे नवीन भरती झालेली मुले पहिले आठवडाभर एजन्सी कुठली आणि भाषा कुठली यातच गोंधळलेली असत. अमेरिकेचा तो कायदा अर्थातच आपल्याला लागू नव्हता.

मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. या विषयावर बोलणे निघाले की कोणीतरी ४ जून १९९६ च्या एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या अपघाताचे उदाहरण देतो: कोड अ‍ॅडात होता, तरी रॉकेट गेलेच, मग सक्तीचा उपयोग काय? त्याची चौकशी-समितीने लावलेली संगती वाचली तर ती भाषेची गोष्ट नसून सुटीचीच गोष्ट निघते, म्हणून ती या धाग्यात शोभते.

जडत्वीय संदर्भ प्रणालीत, म्हणजे रॉकेटला आपली दिशा आणि वेग सांगणाऱ्या संगणकात, ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी) संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होत होते आणि आकडा मावला नाही. असा आकडा मावेनासा झाला तर सावरण्यासाठी संरक्षक कोड घालता येतो. एरियान ४ च्या वेळी अभियंत्यांनी अशा सात चलांचा विचार केला होता. चार चलांना संरक्षण दिले आणि तीन तशीच ठेवली, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि एरियान ४ च्या उड्डाणमार्गात ती तीन मूल्ये भौतिकदृष्ट्या मोठी होऊच शकत नव्हती. म्हणजे सूट विचारपूर्वक दिली होती आणि त्या रॉकेटपुरती ती बरोबर होती. पुढे तोच कोड एरियान ५ वर गेला. त्याचा सुरुवातीचा मार्ग वेगळा, आडवा वेग बराच अधिक. तीनपैकी एक मूल्य फुगले, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही संगणकांत तोच कोड असल्याने दोन्ही लागोपाठ बंद पडले. उड्डाणाची क्रमवार प्रक्रिया सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत सगळे संपले. ज्या गणिताने घात केला त्याची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजही नव्हती. आणि तीन चले उघडी का ठेवली याचे कारण सोर्स कोडमध्ये थेट सापडत नव्हते, हे समितीने मुद्दाम नोंदवले आहे.

जुना_कंपायलर यांनी लिहिले की वेव्हर ठराविक प्रणालीपुरताच मिळे. ती अट कारकुनी वाटते, पण एरियानच्या तीन चलांना तशी चिठ्ठी कोणी चिकटवली असती, की 'ही सूट फक्त एरियान ४ च्या मार्गासाठी', तर पुढच्या माणसाला निदान थांबून विचार करावा लागला असता. अर्धविराम, तुमचा घटक उद्या दुसऱ्या उपकरणात उचलून नेला जाणार आहे का, हे अर्ज लिहिण्यापूर्वी विचारून घ्या.

तिरकस_कंस

हे उदाहरण मला मान्य आहे आणि माझे वरचे मत त्याने थोडे मऊ झाले, एवढे कबूल करतो. पण मग तर्क पुढे नेऊ. सूट प्रणालीनुसार, कारणांनुसार आणि मोजमापांनुसार द्यायची असेल, तर भाषेची निवडही तशीच करावी. आधी सक्ती आणि मग सूट असा द्राविडी प्राणायाम कशाला? अमेरिकी खातेही शेवटी तिथेच पोचले. सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवले होते की, युद्धोपयोगी सॉफ्टवेअरपुरती अ‍ॅडाची अट ठेवावी, बाकीकडे सोडावी, आणि अट ठेवायची तर भाषेच्या साधनांवर सरकारने पैसाही घालावा. संरक्षण खात्याचे सहायक सचिव एमेट पेज यांनी २९ एप्रिल १९९७ च्या परिपत्रकाने सक्ती सरसकटच उठवली आणि भाषेची निवड ही प्रकल्पाच्या अभियांत्रिकी निर्णयांपैकी एक ठरवली.

जुना_कंपायलर

ठरवली खरी. मी त्या आधीच नोकरी बदलली होती, पण जुने सहकारी सांगत की, त्यानंतर कोणत्या भाषेत का लिहिले याचा पंधरा वर्षांचा तक्ता मागणारे कोणी उरले नाही. अट गेली तेव्हा अर्ज गेला, आणि अर्जासोबत तो प्रश्नही गेला. सी वापरायला आता कारण द्यावे लागत नव्हते. अ‍ॅडा वापरायची म्हटले तर मात्र व्यवस्थापकांना द्यावे लागे. तुमचा द्राविडी प्राणायाम मला आवडत होता असे नाही, पण त्यात श्वास मोजला जाई.

नोंदवही

थोडे आपल्या देशातले. भाषेची सक्ती नसली तरी याच घाटाचे एक धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये आणले: सरकारी कामात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य, आणि पुरवठादाराने ते वगळले तर प्रस्तावात कारण देणे आवश्यक. अपवादाची वाटही त्यातच आहे: विशिष्ट क्षेत्रात गरज भागवणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध नसणे, तातडीची किंवा सामरिक गरज, किंवा त्या तंत्रज्ञानातील जाणकारांची वानवा. म्हणजे अ‍ॅडाच्या काळी जे कारण एकट्याने चालत नव्हते, ते माणसांच्या टंचाईचे कारण आपल्या धोरणाने नाव घेऊन मान्य केले आहे. मी काही वर्षे अशा प्रस्तावांची छाननी केली. 'समर्थन' या मथळ्याखाली बहुतेक वेळा त्या वाक्याचीच जशीच्या तशी नक्कल असे, स्वल्पविरामांसकट. अर्धविराम यांच्या ग्राहकाने स्वीकारार्ह कारणांची यादी दिली असेल, तर ती यादी उतरवून काढण्याचा मोह टाळावा.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. यादी दिली आहे, आणि आमच्या मसुद्यात ती उतरवलेलीही होती. काल रात्री ते परिच्छेद काढले. मागणी आता पूर्ण उत्पादनासाठी नसून खालच्या ड्रायव्हरला, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडला, भिडणाऱ्या स्तरापुरती आहे. धावपट्टी०९ यांनी सांगितल्याप्रमाणे विचारून पाहिले, तर विक्री विभागाने हाच घटक पुढील वर्षी एका दुसऱ्या ग्राहकाला देऊ केलेला निघाला, आणि ही गोष्ट आमच्या गटातल्या एकालाही ठाऊक नव्हती. त्यामुळे सूट कोणत्या उपकरणापुरती आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत, हे अर्जात तर लिहिलेच, शिवाय मूळ फाइलच्या माथ्यावर टिप्पणी म्हणूनही टाकले.

खर्चाचा तक्ता बारा वर्षांचा केला आहे. शेवटच्या चार वर्षांचे आकडे मात्र नुसते अंदाजाचे आहेत, म्हणून ते रकाने मोकळे ठेवावेत असे आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे आहे.

जुना_कंपायलर

मोकळे ठेवू नका. अंदाज लिहा, आणि तो कशावरून काढला ते खाली बारीक अक्षरांत लिहा. लाल पेन्सिल मोकळ्या जागेतच उमटते.